घोरपड्याचा नाच

कडूबाच्या शर्टाच्या खिशात कायम एक कागद असायचा. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, तिच्यात घडी करून ठेवलेला. एसटीचा कंडक्टर गाडीत चढू देईना, किंवा बँकेतला शिपाई दारातच अडवायला लागला, की कडूबा थरथरत्या हाताने तो कागद पुढे करायचा. त्यावर जालन्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की हा माणूस दारू प्यालेला नाही. उष्माघाताने याच्या मेंदूला इजा झाली आहे, म्हणून चालताना तोल जातो आणि बोलणं जड येतं. त्याच्या बायकोने, चांगुणाबाईने, तो कागद डॉक्टरांपुढे बसून मागून घेतला होता. कडूबाने उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता.

मी टेंभुर्णीच्या शाळेत मराठी शिकवायचो. नरहर सर म्हणतात मला. आता निवृत्त आहे. कडूबाचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत चांगुणाबाईचं शिवणयंत्र. मी कडूबाला धडधाकट असताना पाहिलेलं आहे. सहा फूट दोन इंच उंच. हंगामात कापसाच्या जिनिंगवर, एरवी आडतीवर हमाली करायचा. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना त्याची टाच जेमतेम टेकायची. एवढा मोठा माणूस, पण पाऊल मांजरासारखं. गल्लीतून गेला तर आवाज यायचा नाही.

भुजंग आमच्या गावचा नव्हे. जुना जालन्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाच्या शूटिंगची कामं तो घ्यायचा. एका लग्नात आमच्याकडे आला असताना त्याने कडूबाला पाहिलं. मुलीला दिलेलं लोखंडी कपाट कडूबा एकट्याने पाठीवर घेऊन टेम्पोकडे चालला होता. भुजंगने नवरा-नवरीवरचा कॅमेरा वळवून त्याच्यावर धरला. हे दोन हजार सहा सालातलं. त्या दिवसांत जत्रेत, आठवडी बाजारात गावठी पिक्चरच्या सीड्या विकायला असायच्या. भुजंगला तसा एक पिक्चर करायचा होता, भीतीचा.

"भूत काय, सगळेच करून राह्यले," तो मला म्हणाला. "आपण जनावर करू, सर. माणसाएवढी घोरपड. विहिरीत फवारणीचं औषध पडतं, आत एक घोरपड असती, ती वाढती. बस. संवाद तुम्ही लिहा."

मी लिहिले. वहीची अकरा पानं. पिक्चरचं नाव ‘घोरपड्या’. घोरपड्याच्या कातड्यात कडूबा, आणि ते कातडं शिवणार चांगुणाबाई.

तिने आयुष्यात ब्लाउज, परकर आणि उशीच्या खोळी यांच्यापलीकडे काही शिवलं नव्हतं. मी शाळेतून सरपटणाऱ्या प्राण्यांचा तक्ता आणून दिला. तो तिने पडवीच्या खांबाला टांगला आणि कामाला लागली. आतून गादीचा फोम, त्यावर बारदान, आणि बारदानावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबांचे खवले. सातशेच्या वर खवले तिने कात्रीने कापले आणि एकेक दाभणाने टाचला. शेपटीत कापसाचा कचरा भरला. डोकं कागदाच्या लगद्याचं, त्यावर रबर. तीन आठवडे ती वेगळीच दिसत होती. कुणी ब्लाउज टाकायला आलं तर म्हणायची, "आता न्हाई, घोरपड शिवून राह्यले," आणि स्वतःच हसायची. तिची शीतल तेव्हा सहा वर्षांची. ते कातडं दोरीवर वाळत टाकलेलं असलं की पोर पडवीत पाऊल ठेवायची नाही.

पाठीला चेन लावली होती. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी कडूबा वाकला आणि चेन फाटली. शिवाय ती कॅमेऱ्यात चमकत होती, मानेपाशी फटही दिसत होती. मग असं ठरलं की रोज सकाळी कडूबाने आत शिरायचं आणि चांगुणाबाईने मानेपासून कमरेपर्यंत त्याला सुतळीने शिवून टाकायचं. दुपारी कात्रीने टाके कापायचे, तासभर मोकळं ठेवायचं, पुन्हा शिवायचं. कडूबाला त्याची गंमत वाटायची.

"लई पोती शिवली म्या," आत शिरताना तो म्हणायचा. "आता मीच पोतं झालो."

शूटिंग गावाबाहेरच्या खदानीत होतं. मे महिना, शाळेला सुट्ट्या. शेवटच्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून भुजंगला एक लग्न होतं, त्यामुळे त्याला त्याच दिवशी उरकायचं होतं. बारा वाजता चांगुणाबाई कात्री घेऊन पुढे झाली तेव्हा तो म्हणाला, "ताई, आता उघडू नका. पुन्हा शिवायला पाऊण तास जातो. एकच सीन राह्यला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. घोरपडीच्या जबड्यातून कडूबाचा आवाज आला, "राहू दे गं. जल्दी उरकू." सलाईनच्या नळीने तो पाणी प्यायला, तेही थोडंच. चांगुणाबाईने मान हलवली आणि परत निंबाखाली जाऊन बसली. मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो.

सीन असा होता की गावकरी घोरपड्याला खदानीच्या कडेला गाठतात, काठ्या मारतात, आणि तो पडून मरतो. मात्र एका सीनचे चार झाले. कधी काठी आधी लागली, कधी मागून कुणी हसलं. दीडच्या सुमाराला पाचव्यांदा कॅमेरा चालू झाला तेव्हा कडूबा सांगितलेल्या बाजूला गेलाच नाही. तो उलटा वळला. हात वर झाले, आपोआप झटके खायला लागले. दोन पावलं पुढे, तीन मागे. स्वतःभोवती फिरला, मटकन बसला, उठला, पुन्हा फिरला. शेपटी त्याच्या मागे इकडून तिकडे आपटत होती. काठ्या घेतलेले लोक थांबले. कुणाला तरी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. भुजंगने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता हात हलवला, कुणी मधे येऊ नका म्हणून.

मी टाळ्या वाजवल्या. हे मला लपवायचं नाही. मला वाटलं, कडूबाने शेवटी सगळ्यांना जिंकलं. चांगुणाबाईही हसत होती, तोंडाला पदर लावून. घरी तो शीतलला हसवायला असाच वेडावाकडा नाचायचा.

मग तो आडवा पडला आणि पाय झाडत राहिला. त्या कातड्याला पायाची बोटं तेवढी उघडी होती. ती बोटं आत वळून मुठीसारखी आवळली होती. ते आधी चांगुणाबाईला दिसलं. ती कात्री घेऊन धावली. घामाने सुतळी फुगून टाके आवळले होते. कात्री आत शिरेना. तिने दातांनी ओढलं. आम्ही सगळे धावलो. कातडं फाकलं तेव्हा आतून वाफ आल्यासारखी गरम हवा तोंडावर आली. कडूबाचं अंग तापलेल्या पत्र्यासारखं होतं आणि त्यावर घामाचा टिपूस नव्हता. आतून तो काही ओरडला असेल, तर त्या डोक्यातून बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

जीपने जालन्याला न्यायला सव्वा तास लागला. अकराव्या दिवशी तो शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच पुष्कळ आहे, मेंदूत तोल सांभाळणारी जी जागा असते ती गेली. कडूबाला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. आदल्या संध्याकाळी खाल्लेली भाकरी आठवत होती, पुढे कोरं.

"मला काय झाल्तं?" त्याने विचारलं. एक वाक्य बोलायला त्याला आता मिनिटभर लागायचं.

"ऊन लागलं. पडलात," चांगुणाबाईने सांगितलं. तेवढंच. ती स्वतः हसली होती, हे तिने त्याला सांगितलं नाही.

भुजंग दोनदा दवाखान्यात आला, शहाळी घेऊन. दिवाळीत सीडी बाजारात आली. तो सबंध तुकडा त्याने तसाच ठेवला होता आणि खाली बॅन्जोचा ठेका लावला होता. मी जालन्याला त्याच्या दुकानात गेलो.

"भुजंग, एवढं काढ त्यातून."

"सर, पिक्चरमध्ये जमलेली जागा तेवढी एकच हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मग्रुरी नव्हती, उलट काकुळतीच होती. "ते काढलं तर राहतं काय?"

मी फार ताणलं नाही. सीडीच्या कव्हरवर बारीक अक्षरांत ‘संवाद – नरहर सर’ छापलं होतं. एक सीडी भुजंगने कडूबाच्या घरी पाठवली. घरात लावायला यंत्र नव्हतं. चांगुणाबाईने ती कात्रीने चार तुकडे करून उकिरड्यावर टाकली. पिक्चर कुठे फारसा चालला नाही. चार जत्रांत दिसला आणि विसरला गेला.

पुढची सतरा वर्षं कडूबा पडवीत बसला. पाय फाकून, भिंत धरून चालायचा. पोरं मागून "घोरपड्या, घोरपड्या" करत यायची. बाहेरगावचा माणूस भेटला की नाक मुरडून बाजूला व्हायचा, दिवसाढवळ्या प्यालाय म्हणून. एकदा जाफराबादच्या स्टँडवर एका पोलिसाने त्याला काठीने ढोसलं, तेव्हापासून तो कागद खिशात आला. सुईत दोरा ओवणं सोडाच, चहाची कपबशीही त्याला धरता येत नसे. चांगुणाबाई त्याला तांब्यातून चहा पाजायची. शीतल माझ्या वर्गात होती. तिला घोरपड्याची पोरगी म्हणायचे. ती कधी रडली नाही, पण दहावीनंतर शाळेच्या दिशेला फिरकली नाही. तिचं लग्न घनसावंगीला झालं.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात एक मुलगा माझ्या दारात आला. अपूर्व नाव, चोवीस-पंचविशीचा, जालन्याचाच. वडील बँकेत, हा पुण्याला कंपनीत. माझं नाव सीडीच्या कव्हरवरून शोधत आला होता.

"सर, ‘घोरपड्या’चे संवाद तुमचे ना?" आणि मी हो म्हणायच्या आत त्याने एक वाक्य म्हणून दाखवलं, "‘ही माणसाची पावलं न्हाईत पाटील, आणि जनावराची बी न्हाईत.’ सर, आम्हाला सगळं पाठ आहे."

कुणीतरी जुन्या बाजारातून ती सीडी उचलून इंटरनेटवर टाकली होती. खदानीतला दोन मिनिटांचा तुकडा वेगळा कापला गेला होता. त्याला ‘घोरपड्याचा नाच’ म्हणत. चाळीस लाख लोकांनी तो पाहिला होता. लग्नाच्या वरातीत पोरं तसं नाचत. पुण्यात अपूर्वच्या मित्रांचा एक गटच होता. असले स्वस्तातले, राक्षस-जनावरांचे पिक्चर शोधून काढायचे आणि एकत्र बसून बघायचे.

"हसायला?" मी विचारलं.

"हसतो ना," तो म्हणाला. "पण हसून सोडून देत नाही, सर. पुन्हा पुन्हा बघतो. मोठ्या पिक्चरमधला राक्षस अगदी खरा दिसतो, आणि घरी येईपर्यंत विसरतो आपण. याच्यात ट्यूबचे खवले दिसतात, सुतळी दिसते. कुणीतरी बसून एकेक टाका घातलाय ते दिसतं. आणि तो आतला माणूस. तसा नाच कुणाला शिकवून येत नाही."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, चल, तो आतला माणूस दाखवतो.

अपूर्वने पडवीत कडूबाच्या पायाशी बसून त्याच्यापुढे मोबाइल धरला. कडूबाने सतरा वर्षांत ते प्रथम पाहिलं. बॅन्जो वाजायला लागला आणि आतल्या खोलीतून चांगुणाबाई पिठाने भरल्या हातांनी दारात आली. तिने पडद्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा, आणि आत गेली.

"म्या केलं हे?" कडूबाने विचारलं.

"तुम्हीच, काका. चाळीस लाख लोकांनी बघितलंय."

कडूबाने ते अकरा वेळा लावायला लावलं. त्याचा चेहरा एका बाजूला ओढलेला असायचा, त्यामुळे तो हसतोय की नाही ते कळत नसे. त्या दिवशी कळलं.

जालन्यात दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी मंगल कार्यालयात पिक्चर दाखवायचा आणि कडूबाचा सत्कार करायचा, असं अपूर्वने ठरवलं. ते कळल्याच्या दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई माझ्या घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"सर, तुमाला तर सगळं ठावं हाय."

"मी त्या मुलाला सांगतो," मी म्हटलं. "थांबवतो."

"त्याला सांगितलं तर ह्यांना कळंल. सकाळपासून दाढी करून बसलेत. सलूनवाल्याला मोबाइलात तो नाच दाखवून आले, भिंत धरून धरून. त्यानं खुर्ची दिली बसायला." "सतरा वरसांत कुणी खुर्ची दिली न्हाई. नका सांगू."

मंगल कार्यालय भरलं होतं. दोनशे तरी पोरंपोरी, काही पुण्याहून, काही छत्रपती संभाजीनगरहून आलेली. कुणी हिरवे मुखवटे लावलेले, एका मुलीने सायकलच्या ट्यूबचे खवले कापून कुडत्यावर लावलेले. पहिल्या रांगेत कडूबा, पांढरा शर्ट घालून. त्याच्या एका बाजूला चांगुणाबाई, दुसऱ्या बाजूला मी. भुजंग व्यासपीठावर होता, केस रंगवलेले. पिक्चर सुरू झाला आणि पोरं पडद्याच्या आधी संवाद म्हणायला लागली. मी लिहिलेली वाक्यं दोनशे माणसं एका सुरात ओरडत होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो सगळा शरमेचा नव्हता.

चांगुणाबाईनेही पिक्चर प्रथमच पाहिला. सुरुवातीलाच घोरपड्या ओढ्यातून वर येतो आणि पाठमोरा, सरळ, लांब पावलं टाकत उसाकडे चालत जातो. शेपटी मागून फरपटते, पण पाऊल वाजत नाही. ती पुढे वाकली.

"त्यांची चाल," ती पुटपुटली.

मग खदान आली. पोरं खुर्च्यांवरून उठली. बॅन्जोवर सगळ्यांचे हात वर जाऊन झटके खायला लागले, दोन पावलं पुढे, तीन मागे. कडूबा मान वळवून मागे बघत होता, गालावरून पाणी ओघळत होतं. पडद्यावर तो आडवा पडला, पाय झाडायला लागला, आणि कडेने लुगड्यातली एक बाई हातात कात्री घेऊन धावत येताना दिसली. पळभरच, मग तुकडा संपतो. ती चुकून कॅमेऱ्यात आली असं सगळे समजत. दोनशे पोरं ओरडली, "आली आली, कात्रीवाली आली."

चांगुणाबाई हलली नाही. तिच्या मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

सत्कारासाठी कडूबाला वर बोलावलं. अपूर्वने एक हात धरला, तिने दुसरा. तो पाय फाकून, झोकांड्या खात पायऱ्या चढला, आणि पोरांना वाटलं की हा मुद्दाम घोरपड्यासारखा चालतोय. शिट्ट्या आल्या. त्याच्या पावलांच्या ठेक्यावर टाळ्या पडायला लागल्या. कडूबाला ते आवडलं. तो आणखी डोलायला गेला आणि पडता पडता वाचला. टाळ्या वाढल्या.

भुजंगने माइक घेतला. "मी कडूबाला सांगितलं होतं," तो म्हणाला, "मरताना असा नाच, की लोकांनी विसरू नये." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी खाली बसलो होतो, आणि बसूनच राहिलो.

कडूबाला बोलायला फार वेळ लागला, पण सगळे शांत होते. "पुन्हा केला असता," तो म्हणाला. "आता जमत न्हाई."

मग अपूर्वने माइक चांगुणाबाईपुढे धरला. "काकू, तुम्ही होता का शूटिंगला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो शाल सावरत होता.

"व्हते," ती म्हणाली. "ती कात्रीवाली मीच."

सभागृह दणाणून गेलं. एक मुलगी धावत वर आली आणि तिच्या पाया पडली. चांगुणाबाई तशीच उभी होती, हात जोडायचे की नाही हे न कळल्यासारखी.

जेवणं झाल्यावर, भांडी धुतात त्या मागच्या अंगणात, तिने अपूर्वला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. मी जवळ होतो. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही. सुतळी कशी फुगली होती, कात्री कशी आत जाईना, अकरा दिवस कसे गेले. अपूर्वचा चेहरा पांढरा पडला.

"काकू, आम्ही शंभर वेळा हसलोय याला."

"आमी बी हसलो," ती म्हणाली. "म्या सुद्धा. तुमाला काय बोल लावू. फक्त ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि एक काम करा. ते वढ्यातून वर येऊन चालत जातात ना, तेवढं माझ्या मोबाइलात टाकून द्या. ह्यांचं चालतानाचं काहीच न्हाई माझ्याकडं. फोटो हाय लग्नातला, त्याच्यात बसलेले हायेत."

अपूर्वने तिथेच टाकून दिलं. त्यानंतर त्याच्या गटाने तो नाच दाखवणं बंद केलं. कारण विचारल्यावर त्याने दोघा मित्रांना विश्वासात घेऊन सांगितलं, आणि त्यातल्या एकाने ते इंटरनेटवर लिहून टाकलं. त्या तुकड्याला नवं नाव पडलं, ‘खरा झटका’. आधी बॅन्जोसाठी बघत होते, आता हे खरं आहे म्हणून बघायला लागले. थांबवून थांबवून, कुठल्या क्षणी त्याला झटका आला ते शोधत. महिन्याभरात आकडा दुप्पट झाला. घनसावंगीहून शीतलचा फोन आला. तिच्या सासरी दिराने जेवताना तो लावला होता. ती ताटावरून उठून गेली, आणि काय झालं म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या दिवाळीच्या आसपास मोटारसायकलवर दोघे जण आले. चांगुणाबाई बाजारात गेली होती. त्यांनी पडवीतल्या कडूबापुढे कॅमेरा धरला आणि विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही खरंच मरत होता का?"

ती आली तेव्हा ते निघून गेले होते आणि कडूबा वाट बघत बसला होता. त्याने विचारलं, तिने सांगितलं. आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. भुजंगने दुपारी उघडू दिलं नाही हे सांगितलं, आपण मान हलवली हे सांगितलं, आपण पदर लावून हसत होतो हेही सांगितलं. मला हे तिच्याकडूनच कळलं. ती म्हणाली, हसल्याचं त्यांनी मनावर घेतलंच नाही, जणू ऐकलंच नाही.

"मंग तो नाच म्या केलाच न्हाई?" त्याने विचारलं.

"बाकी सगळं काम तुमचंच हाय," ती म्हणाली. "आठ दिवसांचं. ते चालणं, उसात शिरणं, पोराला उचलणं, सगळं."

"बाकी कोण बघतंय," कडूबा म्हणाला.

त्यानंतर तो सलूनवर गेला नाही. पडवीतली बाजही त्याने आत घ्यायला लावली. गिळताना त्याला आधीपासून ठसका लागायचा, तो वाढला. जानेवारीच्या थंडीत छातीत कफ भरला, आणि संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी तो गेला. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा होता. त्याला नेताना खांदेकऱ्यांमध्ये आडतीवरचे जुने हमाल होते. आता तो फार हलका झाला होता, असं त्यातला एक जण मला म्हणाला.

दहाव्याला अपूर्व आला. मुंडण करायला निघाला होता, मीच थांबवलं. जेवला नाही. त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो तेव्हा वाटेत तो म्हणाला, "सर, एक विचारू? त्या पहिल्या दिवशी मी तुमच्याकडे आलो, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "मला बरं वाटलं होतं, अपूर्व. माझं लिहिलेलं कुणालातरी पाठ होतं. ते मला आणखी थोडे दिवस हवं होतं."

त्याने मान डोलावली. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

भुजंग आता दुसरा भाग काढतोय. चांगुणाबाईकडे कातडं शिवायला विचारायला आला होता. तिने त्याला पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि जड शिवण आता जमत नाही म्हणाली. त्याने गावातला जिनिंगवरचा एक उंच पोरगा निवडला होता. ती त्या पोराच्या आईकडे जाऊन दुपारभर बसून आली. तरीही पोराने होकार दिला, असं कानावर आहे.

होळीनंतर शीतल येऊन आईला शिवणयंत्रासकट घनसावंगीला घेऊन गेली. घराला कुलूप आहे. महिन्यातून एखाद-दुसरी गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी थांबते. पोरं उतरतात, पडवीचे फोटो काढतात, कुणी पायऱ्यांसमोर हात वर करून दोन पावलं पुढे आणि तीन मागे नाचतो. मग माझ्या दाराशी येऊन विचारतात, कात्रीवाल्या काकू कुठे असतात. मी सांगतो, माहीत नाही.